मागल्या दारचा खोकला

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. पुढं वाचू नका.

मी काही शपथ घेणार नाही. शपथ घ्यायची तर नातीची घ्यावी लागेल, आणि तिच्यावर एकदा वेळ येऊन गेलीय. पुन्हा तिचं नाव पणाला लावायची माझी हिंमत नाही.

मागच्या जानेवारीतली सोळा तारीख. दुपारचे अडीच.

होय, दुपारचे. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

जागा न्यू जर्सी. पार्सिपनीच्या वर तासाभरावर डोंगरात माझ्या मुलाचं, केदारचं घर आहे. जुनं, लाकडी. मागं नुसतं रान. केदार घरूनच कॉम्प्युटरचं काम करतो. सून हिमानी पुण्याची, शिकलेली, हळू बोलणारी. मी पारनेरकडची. शाळा तिसरीत सुटली, पण चूल सहाव्या वर्षी हातात आली ती काही सुटली नाही.

नोव्हेंबरात मी हिमानीच्या बाळंतपणाला आले. बघते तर घरात एक काळी लोखंडी चूल. वूड स्टोव्ह म्हणतात तिला. आधीच्या मालकांची होती. वर केदारनं कुंडी ठेवलेली.

"मेल्या, चुलीवर कुंडी?"

"आई, तो लुक आहे."

कुंडी उचलली आणि पेटवली.

तुम्हाला काय सांगू त्या उबेचं! त्यांच्या त्या यंत्राच्या हवेनं नाक सुकायचं आणि पाय गारच राहायचे. चुलीची ऊब हाडापर्यंत जाते. वर पाणी तापतंय, आत निखाऱ्यात वांगं भाजतंय, घरभर ओकच्या लाकडाचा वास. भाकरी तर अशी टम्म फुगायची की केदार लॅपटॉप घेऊन तिथंच येऊन बसायला लागला.

"आई, मीटिंगमध्ये सगळे विचारतात, मागे आग कसली आहे?"

"सांग त्यांना, आई आहे."

नाताळात सिया झाली. माझी नात. बाळंतिणीला शेक, बाळाला ओव्याची धुरी, सगळं त्या चुलीवर. फक्त एक अडचण होती. फोडणी दिली की छतावरचा तो गोल अलार्म किंचाळायचा. बाळ दचकून रडायचं. मी केदारच्या मागं लागून त्याचे सेल काढायला लावले.

मीच लावले. लपवत नाही.

आता चुलीचं सांगते. तिच्या धुराच्या नळीला एक दांडी आहे. उभी केली की धूर वर जातो. आडवी केली की वाट बंद होते, लाकूड हळूहळू धुमसत राहतं. आमच्याकडं निजायच्या आधी निखारे राखेत पुरायचे. सकाळी राख बाजूला केली, फुंकर मारली, की विस्तव तयार. माझ्या सासूनं मला नांदायला आल्यावर पहिली गोष्ट ही शिकवली. विस्तव विझू देणारी बाई घर काय सांभाळणार? चाळीस वर्षांत माझी चूल कधी विझली नाही. शेजारणी माझ्याकडून विस्तव न्यायच्या.

म्हणून इथंही मी निखारे राखेत पुरायचे, आणि वर दांडी आडवी करायची.

एका सकाळी उठले...

दांडी उभी.

लाकडं जळून खाक. चूल गार.

मी हिमानीवर घसरले. "माझ्या चुलीला हात लावायचा असेल तर आधी विचारत जा, बाई."

"आई, मी हात पण नाही लावला. मला खाली यायची तरी ताकद आहे का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडी उभी. तिसऱ्या दिवशीही. शिवाय राख ढवळायची सळई चुलीच्या डाव्या अंगाला टेकवलेली. मी उजवीकडं ठेवते. घरात डावखुरं कुणी नाही.

मग आवाज यायला लागले. पहाटे मी माझ्या खोलीत जप करत असायची, आणि बाहेर चुलीचं दार...

कर्र.

मग सळई फिरल्याचा आवाज. सावकाश. रोजचं काम असल्यासारखा.

बाहेर येऊन बघावं तर कुणी नाही. वर केदार घोरतोय.

मी काही घाबरणारी बाई नाही. मला राग आला. मी तार घेतली आणि दांडी नळीला करकचून बांधून टाकली. चार वेढे, वर गाठ.

सकाळी दांडी उभी होती.

तार तोडलेली नव्हती. सोडवलेली होती. तिचं छान गोल वेटोळं करून खिळ्याला अडकवून ठेवलं होतं.

असं फक्त बाई करते. जिचं ते घर असतं, ती बाई.

तेव्हा माझ्या पाठीतून पहिल्यांदा गार काहीतरी गेलं. पण हरेन तर मी कसली? दृष्ट काढायची ठरवली. मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या. केदारनं आयसेलिनच्या देशी दुकानातून आणल्या होत्या, अशा तिखट की फोडणीत अर्धी टाकली तरी घर खोकायचं. चुलीवरून सात वेळा ओवाळलं आणि बोलले, "कोण असशील ती चालती हो. ही चूल माझी, हे घर माझ्या लेकाचं. पुन्हा पाय ठेवू नकोस."

मूठ निखाऱ्यावर टाकली. चुलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं.

मिरच्या तडतडल्या. काळ्या पडल्या. धूर बाहेर आला.

ठसका नाही.

मला नाही, बाळाला नाही, हिमानीला नाही. वाससुद्धा नाही. ज्यांच्या घरी दृष्ट काढतात त्यांना याचा अर्थ माहीत आहे. ठसका लागत नाही म्हणजे काहीतरी होतं.

आणि तेवढ्यात...

कुणीतरी खोकलं.

चुलीमागच्या भिंतीपलीकडं. बाहेर, बर्फात. म्हाताऱ्या बाईचा खोकला. जीव कासावीस झाल्यासारखा, थांबेचना.

हिमानी माझ्याकडं बघत राहिली. "आई... बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही. कोल्हा असेल."

मागचं दार वीतभर उघडं होतं. मी ते लावलं आणि कडी घातली.

त्यानंतर तीन दिवस दांडी मी ठेवली तशीच आडवी राहिली. सळई उजवीकडंच. मी जिंकले होते. खरं सांगते, फार बरं वाटलं मला.

निजताना आत मूठभरच निखारे असायचे. सकाळी डोकं जड व्हायचं. मला वाटलं, थंडीचं.

सोळा तारखेला पहाटेपासून वादळ. सकाळी नऊला वीज गेली. विजेवर चालणारं ते हीटिंगही गेलं. रस्ते बंद. बाहेरची लाकडं ओली, बर्फाखाली. आत कोरडी लाकडं अकराच. बावीस दिवसांचं बाळ घरात. आम्ही सगळ्या गाद्या चुलीपुढं आणल्या.

दुपारची जेवणं झाल्यावर मी चूल गच्च भरली आणि दांडी आडवी केली. पुरती.

"आई, अगदी बंद नको करूस. मी वाचलंय कुठेतरी, थोडी ओपन ठेवायची असते."

"वाचलंय! अरे, तू वाचत होतास तेव्हा तुझ्या दुधाखाली विस्तव कोण ठेवत होतं? झोप गुमान. अकरा लाकडांत रात्र काढायचीय. पोर गारठली तर तुझं वाचलेलं पांघरणार आहेस का तिला?"

तो हसला. म्हणाला, "डोकं दुखतंय यार." आणि आडवा झाला. हिमानीला मळमळत होतं. मला वाटलं, ओली बाळंतीण आहे, व्हायचंच. बाळ तिच्या कुशीत शांत. किती गुणाचं पोर, एकदासुद्धा रडलं नाही.

मीही कलंडले. हातपाय कसे सुखानं जड झाले होते. अशी झोप मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

आणि मग...

टक. टक. टक.

भिंतीवर. बाहेरून.

मी डोळे उघडले नाहीत. मनात म्हटलं, आलीस का परत? बस बाहेर.

टक टक टक टक.

मग खोकला. मग दारावर थाप. मग दोन्ही हातांनी थापा, दार हादरेल अशा. केदार हलला नाही. हिमानी हलली नाही.

आता खरं सांगते. मी दया येऊन उठले नाही. बाळासाठीही उठले नाही. मी उठले तिला शिव्या द्यायला. माझ्या घराचं दार बडवते म्हणजे काय? लाज वाटेल असे चार शब्द सुनवावेत म्हणून उठले.

उठले ती पडलेच. पायात त्राणच नव्हतं. रांगत गेले. तोंडात शिवी तयार ठेवून कडी काढली आणि दार ओढलं.

वारा थोबाडीत मारल्यासारखा आत आला.

बाहेर कुणी नव्हतं.

पायरीवर गुडघाभर बर्फ. वर साधं पाखराचं पाऊल नाही.

त्या वाऱ्यानं माझं डोकं ताळ्यावर आलं. मागं वळून बघितलं. केदारचं तोंड वासलेलं. हिमानीचा हात गादीबाहेर पडलेला. आणि सिया... तिचे ओठ लालभडक. मान एका बाजूला. इतक्या गार वाऱ्यात पापणी हलेना.

मी ओरडले. कशी ओरडले मला माहीत नाही. पोरीला ओढून घेतलं आणि तशीच बर्फात जाऊन बसले. पाठीवर थोपटलं, पाय चोळले. "रड गं बाई, रड. रड ना."

ती रडली.

आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकला नाही.

केदार भेलकांडत उठला, हिमानीला ओढत पायरीवर आणलं, फोन केला. बंबवाले बर्फ फोडत आले. हातातलं यंत्र घेऊन आत गेले आणि पळत बाहेर आले. दांडी बंद असल्यानं चुलीतला विषारी वायू घरात साठला होता म्हणे. त्याला वास नाही, रंग नाही. अजून अर्धा तास झोपला असतात तर चौघांतलं एकही उठलं नसतं, असं त्यांनी केदारला सांगितलं. छतावरचा अलार्म दाखवून त्यांनी काहीतरी विचारलं. केदार खाली मान घालून उभा राहिला. माझं नाव त्यानं घेतलं नाही.

दवाखान्यात तीन दिवस माझ्या डोक्यात एकच. रोज सकाळी दांडी उभी करत होती ती कशासाठी, हे मला आता कळत होतं. पोरीच्या जिवावर मी उठले होते. ती नाही.

आणि मी तिला तिच्याच घरातून थंडीत हाकललं.

हिमानीला मी एवढंच म्हटलं, "दांडीला तू हात लावला नव्हतास." ती म्हणाली, "असू दे, आई." त्याबद्दल याहून जास्त आम्ही दोघी कधी बोललो नाही.

आता घरात दोन नवे अलार्म आहेत. दांडी मी उभीच ठेवते. विस्तव विझतो. विझू दे.

पण रोज दिवेलागणीला मी मागचं दार उघडते. म्हणते, "ये बाई. आत ये. चूल तुझीच आहे." केदारला वाटतं मी मांजराला बोलावते. पहिले काही महिने रानातून खोकला यायचा. दर वेळी जरा लांबून. या हिवाळ्यात तोही थांबलाय.

जा म्हटलं तेव्हा पहिल्या शब्दाला गेली. ये म्हणून वर्ष झालं.

सिया आता चालायला लागलीय. गेल्या आठवड्यापासून ती दुपारी, अडीचच्या सुमाराला, चुलीमागच्या त्या भिंतीशी जाऊन उभी राहते. तळहातानं भिंतीवर तीनदा थाप मारते. मग कान लावते.

मग खुदकन हसते आणि पुन्हा मारते.

मी जवळ जाऊन ऐकलं. मला पलीकडून काहीच ऐकू येत नाही.

तिला तिथून उचलावं की राहू द्यावं... माझं अजून ठरत नाही.