तो आठवडा मोकळा होत नाही

यंत्रांशी माझं वैर नाही. तीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर वाचलंय मी. यंत्राचं अक्षर निदान लागतं तरी. पण या बुकिंगच्या कॅलेंडरने माझं डोकं उठवलं होतं. घराची जाहिरात दोन वेबसाइटवर, आणि त्या दोन्हींचा मेळ घालायला हे तिसरं. एकीकडे तारीख बंद केली की दुसरीकडे उघडायची. मेच्या पहिल्याच आठवड्यात दोन कुटुंबं एकदम दारात उभी! एक बर्लिनचं, एक गेंटचं, आणि मधे मी, हातात एकच किल्ली घेऊन. तक्रार केली तर उत्तर आलं, 'तुमचा निरोप मिळाला. आपला दिवस आनंदात जावो.' कसला आनंद, कपाळ माझं!

एग्मंडला, या समुद्रकाठच्या गावात, आमच्या गल्लीत सगळ्यांचीच दोन घरं. समोरचं मोठं, आणि अंगणापलीकडे मागचं, दोन खोल्यांचं. मे ते सप्टेंबर मोठं घर समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं आणि आपण मागे राहायचं. आजीने तेच केलं, आईने तेच केलं, मीही तेच केलं. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

योरीनला वाटायचं. माझी एकुलती एक लेक. सात वर्षांची असताना एका मे महिन्यात ती जिन्याचा कठडा धरून बसली. "माझ्या पलंगावर दुसरं कुणी झोपायचं नाही!" पाहुणे दारात उभे. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. आता ती एक्केचाळीसची आहे, आणि सहा वर्षं तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं.

जूनमध्ये तिचा फोन आला.

"ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येईन म्हणते. पण माझ्या खोलीत राहीन, आई. मागच्या घरात मरेपर्यंत झोपणार नाही. आणि पाहुणे दिसले तर दारातूनच परत जाईन, सांगून ठेवते."

"अगं, कुणी नसेल. शब्द देते."

फोन ठेवला आणि मी रडले. मग डोळे पुसून कॅलेंडरवर तो आठवडा बंद केला.

सकाळी पाहिलं तर भरलेला. पाहुणे: एक. वय: सात. खोली: वरची लहान. नावाचा रकाना रिकामा. रद्द केलं, दुपारी पुन्हा हजर. चार दिवस हाच खेळ. सोमवारी पाहुणे गेल्यावर मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवून झाल्यावर एक बाई बोलली.

"हे रद्द नाही होणार. पाहुणे राहायला आलेत."

"अहो बाई, बुकिंग ऑगस्टचं आहे! आणि घर रिकामं आहे, मी इथून बघतेय."

"इथे 'आत आहेत' असं दिसतंय."

"कधीपासून?"

"तारीख नाहीये. जाण्याचीही नाही."

मी दोन्ही जाहिराती काढून टाकल्या. उरलेल्या उन्हाळ्याच्या पाहुण्यांची माफी मागून त्यांना नकार कळवला. घर खरंच रिकामं झालं. कॅलेंडरवर तो एक आठवडा मात्र तसाच भरलेला राहिला.

साफसफाई आफके करते, शेजारचीच. जुलैच्या शेवटी ती बादली खाली ठेवून म्हणाली, "ग्रीट, वर कुणाला झोपवतेस गं?"

"कुणाला नाही."

"मग मी तीनदा चादर बदलली ती काय हौस म्हणून? पायथ्याशी वाळू असते. आणि उशी..." ती हसायला गेली, पण हसू फुटलं नाही. "उशी ऊन लागते हाताला."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भर दुपारी वर गेले. खिडकीच्या फटी तपासल्या, भिंतीला हात लावून ओल पाहिली. सगळं कोरडं. फक्त खिडकीची काच खालच्या बाजूला धुरकट होती, माझ्या कमरेच्या उंचीवर. खांद्यावर फडका होता, त्याने पुसली. आतल्या बाजूने पुसली गेली.

मी तिथेच उभी असताना ती पुन्हा धुरकट झाली.

योरीनला सांगावं का? सांगितलं असतं तर ती आली नसती. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते.

ती तीनच्या बसने आली. केस पिकायला लागले होते पोरीचे. मला मिठी मारली, घट्ट. मग पिशवी उचलून जिना चढली.

मी खाली उभी राहिले.

दार उघडल्याचा आवाज आला.

कॉफी उतू गेली, तरी मी हलले नाही.

मग पलंग करकरला, कडेला कुणी बसल्यासारखा. एक मिनिट. दोन. खूप हळू आवाजात योरीन काहीतरी बोलत होती. शब्द कळत नव्हते. तिने बूट काढले, ते मात्र कळलं.

ती खाली आली तेव्हा बूट एका हातात होते, पिशवी दुसऱ्यात. दार तिने इतकं हलकेच लोटून घेतलं होतं की मला ऐकूच आलं नाही.

"काय झालं गं?" मी विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा." मग मागच्या घराकडे जाता जाता ती वळली. "मी मागेच झोपते. पण आई, या वेळी तिला उठवू नकोस."