फाइलमधला चार

दिवा राहू द्या चालू, आणि मधे बोलू नका. तुमच्या काकूचा धाकटा भाऊ खेळाचं नाव काढलं की उठून जातो ना? ते का, ते ऐका.

तो आणि त्याचा भागीदार मोबाइलवरचे भुलभुलैयाचे खेळ बनवायचे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. टेक्स्ट फाइलमध्ये आकड्यांच्या ओळी लिहायच्या. एक म्हणजे भिंत, शून्य म्हणजे वाट, दोन म्हणजे खेळाडू, तीन म्हणजे सुटायचं दार. प्रोग्रॅम ते वाचतो आणि पडद्यावर भिंती उभ्या करतो.

गेल्या नोव्हेंबरची बारा तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाला खेळ द्यायचा होता, म्हणून शेवटची फाइल पाठवायला हा रात्री साडेदहाला ऑफिसात गेला. दार लावून बसला. फाइल उघडली, तर एका ओळीत चार.

चारला काही अर्थच नव्हता. आठवडाभर हेच चाललेलं. हा पुसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. किल्ल्या दोघांकडेच. त्यात भागीदाराला दुसरीकडून बोलावणं आलंय, अशी कुणकुण याला लागली होती. माझं काम बिघडवून हा सटकणार, हे याच्या डोक्यात पक्कं बसलं.

भागीदाराला घरूनही फाइल उघडता यायची, म्हणून त्यानं इंटरनेटची वायर उपटली. म्हटलं, आता घाल बघू! चार पुसला, सेव्ह केलं. फाइल बंद केली, उघडली.

चार होता. दोनच्या दिशेनं तीन घरं पुढे.

त्यानं फोन लावला. "कुठे आहेस? खरं सांग."

"घरी. पोरगी तापानं फणफणलीय." मागून रडणं ऐकू येत होतं. "का रे?"

"फाइलमध्ये चार कोण घालतं?"

"मला वाटलं, तू. मीही रोज पुसतोय. म्हटलं, मला हाकलायला निमित्त शोधतोयस."



फोन कानाला तसाच. यानं फाइल पुन्हा उघडली. भिंती बदललेल्या. मोठी खोली, छोटी खोली, मधे अरुंद बोळ... त्यांचंच ऑफिस. जिथे याची खुर्ची, तिथे दोन. चार जिन्यापाशी.

बंद केली. उघडली.

चार दारात.

"अरे, बोल ना..." फोनमधून भागीदार.

हा मागे वळला नाही. बंद केली. उघडली.

चार दोनच्या अगदी मागे.

खुर्ची जराशी मागे कलली... पाऊल नाही. श्वास नाही. नुसता भार.

मग त्यानं काय केलं? दोन पुसला. तिथे शून्य लिहिलं. सेव्ह केलं. डोळे मिटले...

बऱ्याच वेळानं खुर्ची सरळ झाली.

पावणेबाराला भागीदार धापा टाकत वर आला. हा तसाच बसलेला, डोळे मिटून. हाताला धरून त्यानं याला खाली नेलं. खेळ काही गेला नाही. महिन्याभरात धंदा गुंडाळला. दोघांचं मात्र आजही रोज बोलणं असतं.

सामान काढायला मी गेलो होतो. ती खुर्ची मी या डोळ्यांनी पाहिलीय. पाठीच्या फोममध्ये दोन तळहात रुतलेले, बोटांसकट. दाबून पाहिलं, ओढून पाहिलं, खळगे भरेनात.

दोन्ही हात उजवे होते.