क्लच नसलेली गाडी

पार्क

मेलेल्या माणसाच्या गाडीत चुकीचा कॉम्प्युटर निघाला.

तळहाताएवढी काळी डबी, पायापाशी, गालिच्याखाली बसवलेली. इंजिनात पेट्रोल किती जायचं आणि ठिणगी कधी पडायची, हे ती ठरवते. कंपनीची मूळ डबी काढून हौशी लोक बाजारातली दुसरी बसवतात. गाडी जास्त पळावी म्हणून.

"हीच," धाकटा भाऊ म्हणाला. "हिनेच दादाला मारलं."

विमा कंपनीचा तपासनीस धाकट्याच्या पोर्चच्या फरशीवर गुडघे टेकून आत डोकावत होता. ताडपत्रीखाली उभी असलेली ही स्पोर्ट्स कार धाकट्याच्या मोठ्या भावाची, दंतवैद्याची. मागच्या रविवारी सकाळी ती टेकडीच्या वळणावर रस्ता सोडून खाली गेली. डॉक्टर गाडीबाहेर, गवतात सापडले. एकटा राहणारा माणूस, स्वतःची गाडी. चालवत कोण होतं, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"डबी मीच दादाला भेट दिली होती. चांगली आहे, माझ्या रॅलीच्या गाडीत अशीच होती. पण त्या गॅरेजवाल्या बाईने सेटिंगची वाट लावली. इंजिन अनावर झालं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी काय आज गाड्या बघतोय?"

"त्या सकाळी तुम्ही कुठे होता?"

"घरी. फोन आल्यावर गेलो. गाडीही मीच ओढून आणवली. रस्त्यावर कशी ठेवणार?"

तपासनीसाने चालकाचा पट्टा ओढून पाहिला. तो बाहेर लोंबत होता, सोडला तरी आत जाईना. ब्रेकचं रुंद पेडल पाहिलं. त्यावरचं रबर डाव्या कडेला सोलवटलं होतं. दोन्ही सीट उघड्या, काळ्या चामड्याच्या, काचेचे कण अंगावर घेऊन बसलेल्या.

आत दिवाणखान्यात फळीवर धाकट्याच्या रॅलीतल्या चषकांची रांग होती.

"एखादा बघू का?"

"घ्या ना काढून."

फळी धाकट्याच्या डोक्याशेजारी होती, तरी त्याने हात उचलला नाही. "खांदा आखडलाय," तो म्हणाला. "झोपेत."

रिव्हर्स

गॅरेजच्या शटरला पोलिसांचं सील होतं. गॅरेजवाली समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"बघत बसलेय," ती म्हणाली. "आत माझी हत्यारं आहेत. घरी जाऊन काय करू? घरी तर नुसती भांडी आहेत."

"तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. माझा अहवाल तसा गेला तर."

"माहितीये. मग गॅरेज गेलं. आणि लोक म्हणणार, बाई होती म्हणून चुकली."

"डबी कोणती बसवली, ते पहिल्यापासून सांगा."

डॉक्टरांच्या डाव्या गुडघ्यात रॉड होता, पाय वाकायचा नाही. क्लच दाबता येईना, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. भाऊ त्यांची चेष्टा करायचा. म्हणायचा, ही कसली गाडी, ही तर लिफ्ट आहे. बटण दाबा आणि गप्प उभे राहा. एकदाही तो गाडीत बसला नव्हता. मग एक दिवस स्वतःच ही डबी घेऊन आला. दादा, ही लाव, तुझी लिफ्ट उडेल.

"आणि तुम्ही लावली?"

"वेड लागलंय का मला? मी लावली तिचीच कंपनी, तसाच प्लग, पण ती फक्त इंजिनाची डबी. क्लचच्या गाड्यांसाठी. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सला सतत कळावं लागतं, इंजिन किती जोर लावतंय, ड्रायव्हरने पाय किती दाबलाय. ही डबी गिअरबॉक्सशी एक अक्षर बोलत नाही."

"न बोलल्याने काय होतं?"

"गिअरबॉक्स घाबरतो. स्वतःला वाचवायला तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसतो. गाडी चालते, पण रुसलेल्या माणसासारखी. चढावर तर विचारू नका."

"मग डॉक्टरांनी काय निवडलं?"

"दोन रविवार इथे बसून होते. भावाची डबी हातात धरून. म्हणायचे, तो पहिल्यांदा या गाडीसाठी काही घेऊन आलाय, परत कशी करू? मी म्हटलं, डॉक्टर, दात काढताना पेशंटच्या भावाचं मन बघता का? मग हसले. इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्हींशी बोलणारी डबी बसवायला सांगितली. भावाची घरी नेली. त्याला वाईट वाटू नये म्हणून सांगणार नव्हते."

"दुसऱ्या डबीचा पुरावा?"

"पुरावा त्या गाडीत. गाडी मला कुणी बघू देत नाही."

तपासनीस उठला, पुन्हा बसला. "ते एकटेच फिरायचे का गाडीतून?"

"शेजारच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं त्यांनी. सेटिंग करताना मी त्यावरच बसायचे, कुरकुर आवाज करत. म्हणायचे, कोणी खरोखर फिरायला आलं की काढू."

न्यूट्रल

टेकडीच्या उतारावर, वळणाखाली, रोपांची नर्सरी. उत्तरं नर्सरीवाल्या आजींची. प्रश्न वेगळे लिहायची गरज नाही.

हो, मीच पाहिली. पाणी घालत होते.

नाही हो, आत कोण ते कसं दिसणार? काचा काळ्या.

तिथे खाली, चढ सुरू होतो तिथे, फाटकाचा दांडा आहे ना, आपोआप उठतो तो? तिथे थांबली, मग सुटली. बघता बघता वळणाशी.

आवाज कसा म्हणजे? चढत गेला, मग झपकन खाली आला. परत चढला. परत तसंच.

खात्री म्हणजे काय? आमचे हे ट्रक चालवायचे. गिअर पडला की मला झोपेत कळायचं, आले घराजवळ. आता कुणाचाही पडला तरी मान वळते माझी.

मग ब्रेकचा आवाज. एकदम, कुणी लाथ घातल्यासारखा. वळणाच्या बरंच आधी.

पळत गेले तर कशी जाणार? माझे गुडघे हे असे. वरच्या रस्त्याने फिरून जाईपर्यंत गर्दी झालेली.

पोलीस? नाही आले. तुम्हीच पहिले विचारणारे. निघालात? बसा ना जरा.

ड्राइव्ह

तपासनीस ओळखीच्या रस्त्यावरही फोनचा नकाशा बोलता ठेवायचा. गाडीत कुणाचा तरी आवाज हवा. धाकट्याच्या घरी जाताना मात्र त्याने तो बंद केला.

धाकटा पोर्चमध्येच होता. ताडपत्रीची कड हातात धरून उभा.

"झाला अहवाल?"

"जवळजवळ. तुमच्या मते गाडी रस्ता सोडून का गेली?"

"सांगितलं की. त्या डबीने ताकद अनावर झाली, गाडी सुसाट सुटली."

"सुटली, हे खरं. दांड्यापासून वळणापर्यंत गिअर बदलत गेली. ऐकणारं माणूस आहे."

"मग? ऑटोमॅटिक आहे. बदलणारच."

"तुमची डबी असती तर एकही गिअर बदलला नसता. ती गिअरबॉक्सशी बोलत नाही. थांबलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये त्या चढाला लागली असती आणि रडतखडत वर गेली असती. तुम्ही ज्या डबीवर वेगाचा आळ घेतलात, ती बसवल्यावर ही गाडी पळूच शकत नाही."

धाकट्याने डबीकडे पाहिलं. खरोखर पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"अपघात झाला तेव्हा गाडीत दुसरी डबी होती," तपासनीस म्हणाला. "नंतर कुणीतरी बदलली. प्लग सारखाच, दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून गाडी तुमच्या पोर्चमध्ये आहे. आणि तुम्ही जन्मभर क्लचच्या गाड्या चालवल्यात. गिअर म्हणजे आपला हात, असंच तुमच्या डोक्यात. डबीने गिअरबॉक्सलाही सांगावं लागतं, हे तुमच्या ध्यानात येणार नव्हतं."

"मी कशाला बदलू? मी तर घरी होतो."

"डॉक्टर बाहेर फेकले गेले, म्हणजे त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पण चालकाचा पट्टा ताणून अडकलाय. त्याने कुणाला तरी धरून ठेवलं होतं. शेजारच्या सीटवर कायम प्लॅस्टिक असायचं. ते कोणी सोबत आलं तरच निघणार होतं. आज नाहीये. त्या सकाळी सोबतीला कोणीतरी होतं, आणि डॉक्टर स्वतः शेजारी बसले. तुमचा खांदा झोपेत आखडलेला नाही. शर्ट काढलात तर पट्ट्याचा वळ दिसेल."

"थांबा."

"थोडंच राहिलंय. ब्रेकचं रबर डाव्या कडेला फाटलंय. तिथे डावा पाय पडला. डॉक्टरांचा डावा पाय वाकत नव्हता. वळणाआधी गिअर खाली घ्यायचा, ही रॅलीवाल्याची सवय. तुमचा पाय क्लच दाबायला गेला, पूर्ण जोराने. तिथे क्लच नव्हता, ब्रेक होता."

धाकटा पोर्चच्या पायरीवर बसला. बराच वेळ त्याने ताडपत्रीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली.

"गर्दी जमायच्या आत मी झाडीतून निघून गेलो. गाडी फिरली कशी, तेच मला कळलं नव्हतं," तो म्हणाला. "वाटलं, खरंच गाडीने दगा दिला. मग रात्रभर पाय दुखत होता. डावा. तेव्हा कळलं."

"आणि तरी डबी बदललीत."

"तेव्हाच बदलली. गाडीतल्या डबीत ब्रेक कधी आणि किती दाबला, त्याची नोंद राहते. माझी दादाच्या घरी टेबलावर पडली होती. वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं. त्या बाईचा विचार केला नाही. चषक बघत होतो मी. ते सगळे माझ्याकडे बघत होते."

"डॉक्टरांनी बोलावलं होतं?"

"दर रविवारी बोलवायचा. मी टाळायचो. त्या दिवशी म्हटलं, चल, बघू तुझी लिफ्ट. तर प्लॅस्टिक फाडायला कात्री घेऊन उभा. खूश. म्हणाला, तू चालव, मला शेजारी बसायचंय. आणि मला म्हणाला, डावा पाय सीटखाली दुमडून ठेव, सवयीने जाईल कुठेतरी. मी त्याला हसलो. म्हटलं, मला शिकवतोस?"

तपासनीसाने वही मिटली.

"हे मी कुणाला सांगणार होतो? असं काही झालं की मी दादालाच सांगायचो."

थोड्या वेळाने तो आत गेला आणि दुसरी डबी घेऊन आला. फडक्यात बांधलेली. ती तपासनीसाच्या हातात देताना त्याने दुखरा हात वापरला.

"चौकीत आधी त्या बाईच्या गॅरेजचं सील काढायला सांगा," तो म्हणाला. "माझं काय ते नंतर."

"तुम्हालाही यावं लागेल."

"येतो." तो तपासनीसाच्या गाडीच्या दारापाशी थांबला. "तिच्या गॅरेजवरून जाता येईल? तिला मीच सांगतो. दाराबाहेर बसली असेल ना ती?"

"असेल."

"मग चला," धाकटा म्हणाला, आणि शेजारच्या सीटवर बसला.