एक नंबरचा हौद

देऊळगाव राजावरून चिखलीच्या रस्त्याला लागलं की धरणाच्या पाण्याकडेला पत्र्याची एक लांब शेड दिसते. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, कोंबड्यांची असेल. आत मात्र कोंबडं नाही, पाणी आहे. गजेंद्रभाऊंचं हे मत्स्यबीज केंद्र. दाराच्या बाजूला ढेपेच्या पोत्यांची थप्पी, तिच्यापुढे भिंतीला लागून सिमेंटचे पाच हौद. या हौदांत मासे नसतात, माशांच्या पिल्लांचं जिवंत खाद्य असतं. मोइना म्हणतात त्याला. रव्याच्या कणाएवढा जीव, दाटला की पाणी तांबूस दिसतं.

हौद सांभाळायची तानाबाई, साठीची भोईण. तिची रीत विरजणाची. एका हौदातलं तांब्याभर पाणी दुसऱ्यात घालायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. अशी वीस वर्षं तिनं ते बी मोडू दिलं नव्हतं. आणि हौद मोजायची तर खळ्यावरचं माप मोजावं तशी. लाभ, दोन, तीन, चार, पाच. पहिल्या मापाला ती एक म्हणत नसे.

प्रेरणा नागपूरला मत्स्यशास्त्र शिकून आलेली. केंद्राचं तंत्र तिच्याकडे. तिला या मोजणीचं हसू येई.

त्या पावसाळ्यात मात्र हसू आटलं. रोहू-कटल्याचं जिरं, म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, दोन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतं. तिसऱ्या दिवशी त्याला तोंड फुटतं आणि तेव्हापासून खायला लागतं. दोन हप्ते, म्हणजे उबवणीच्या दोन खेपा, तोंड फुटेपर्यंत चांगले होते. टाकीत खाद्य सोडलं आणि संध्याकाळी तळाशी राखेसारखा थर बसला. लाखो पिल्लं गेली.

प्रेरणाला संशय सायक्लॉप्सचा. तोही तेवढाच जीव, पण जिऱ्याला कुरतडून मारतो. दोघांची पिल्लं मिसळली की केंद्रातल्या जुन्या भिंगाखाली भरवशानं ओळखू येत नाहीत. म्हणून तिनं जनुक तपासणीचं ठरवलं. सहा नळ्या स्पिरिट घालून तयार केल्या, पाच हौदांच्या पाच आणि एक जादा. त्या दिवशी तिला बुलढाण्याला बैठक होती. नळ्या तानाबाईनं भरल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि डबा एसटीनं नागपूरला गेला.

इकडे तिसरा हप्ता उबवला. मोसमातला हा शेवटचा. चौदा गावांचे भोई तळी भरून बसले होते. बीज नेणारा अकील रोज दारात डोकावायचा.

"म्याडम, दोनदा रिकाम्या गाड्या नेल्या. आता तिसऱ्यांदा नेल्या तं लोक मलेच तळ्यात सोडतीन."

"तुला सोडून काय उपयोग, तू वाढणार थोडाच," प्रेरणा म्हणाली. गजेंद्रभाऊ हसले नाहीत. हाही हप्ता गेला तर शेड बंद करायची, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

हप्त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतल्या धम्मदीपचा अहवाल आला. नमुने सहा. लाभ, दोन, तीन, चार आणि पाच या नळ्यांत निम्म्याहून जास्त सायक्लॉप्स. एक नंबरच्या नळीत मात्र शुद्ध मोइना, दुसरं काहीही नाही.

प्रेरणानं तानाबाईला गाठलं.

"मावशी, एक नंबरची नळी कुठून भरली?"

तानाबाईचा हात पाण्यातच थांबला. "म्या पाच भरल्या. सायवी कोरीच होती, तशीच ठेवली डब्यात."

"मग तिच्यावर एक कुणी लिहिला?"

"म्या कायले लिहीन? माह्या तोंडातून एक कधी निंगते का?"

"अहो, पण हा एक नंबर कुठला? तेवढंच चांगलं खाद्य आहे. एक नंबर सापडला तर हप्ता वाचेल."

"बाई, तसं म्हनू नका."

"काय म्हणू नको? एक?"

तानाबाईनं पदराला हात पुसले. "पह्यलं माप आपलं नसते. त्याचं नाव घेतलं का ज्याचं असते तो येते."

"कोण येतो?"

"कोनाले मालूम? आमी कधी नाव घेतलंच नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. प्रेरणानं पाचही हौद रिकामे करवले, गड्यांकडून आतून चुना फासून घेतला. नागपूरहून नवं बी मागवलं. ते यायला दोन दिवस लागणार होते आणि जिऱ्याला सकाळीच तोंड फुटणार होतं. उकडलेल्या अंड्याच्या बलकावर दोन दिवस काढावे लागतील, असा तिचा हिशेब होता. त्यावर किती जगतील, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी आठला ती शेडमध्ये शिरली. ओल्या चुन्याचा वास होता. दाराजवळचा हौद काठोकाठ भरलेला होता.

एक रिकामा करायचा राहून गेला वाटतं, असं तिच्या मनात आलं. तिला गड्यांचा राग आला. तिनं ओंजळभर पाणी काढलं. ते कोमट होतं, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगासारखं. भिंगाखाली धरलं तर मोठाली मोइना, अंड्यांनी भरलेली, एकसारखी. अर्धा तास पाहूनही तिला एकसुद्धा सायक्लॉप्स दिसला नाही.

तिनं बादली भरली. जिऱ्याच्या टाकीपर्यंत तीन खेपा केल्या. जिरं पाण्यावर उसळत आलं.

तिसऱ्या खेपेला तानाबाई वाटेत उभी होती.

"कोनत्या हौदातून आनलं?"

"दाराजवळच्या. पहिल्या."

तानाबाईनं बादलीकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि वाट सोडली.

चौथ्या खेपेला प्रेरणा आत गेली तेव्हा दाराजवळ हौद नव्हता, नेहमीची ढेपेची पोती होती. त्यापुढे हौद. तिनं बोट दाखवत मोजले. पाच. पाचही कोरडे, आतून पांढरे.

तिच्या हातातली बादली ठिबकत होती.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी तळाशी थर बसला नाही. दुसऱ्या दिवशीही बसला नाही. नागपूरहून बी आलं ते तिनं सोडलं, पण पिल्लं त्याकडे फिरकली नाहीत. तरी वाढत होती. गजेंद्रभाऊंनी गावात पेढे वाटले. तानाबाई मात्र कामावर यायची बंद झाली. अंग दुखते, असा निरोप आला.

सातव्या दिवशी प्रेरणानं दहा पिल्लं काढली. पट्टीवर एकेक मोजली, नऊ मिलिमीटर. ती स्पिरिटमध्ये टाकून पोटातलं खाद्य तपासायला धम्मदीपकडे पाठवली. न खाता काय वाढतंय, हे तिला कळायला हवं होतं.

सोळाव्या दिवशी सकाळी अकीलच्या गाड्या भरल्या. ऑक्सिजनच्या पिशव्यांत पिल्लं शांत होती. चौदा गावांची नावं प्रेरणानं स्वतः कागदावर लिहून दिली.

अकराला धम्मदीपचा फोन आला.

"मॅडम, दहाही आतडी पाहिली. मोइना नाही, सायक्लॉप्स नाही, कशाचंच जनुक नाही. या पिल्लांनी जन्मात काही खाल्लेलं नाही."

प्रेरणानं टेबलावरची नोंदवही उघडली.

"आणि तुमच्या फॉर्मवर लांबी चुकली आहे. नऊ लिहिलीत."

"नऊच होती. मी मोजली."

"पाठवलीत ती मेलेलीच ना?"

"स्पिरिटमध्ये बुडवून पाठवली, धम्मदीप."

"माझ्यासमोर पट्टी आहे. चोवीस भरतायत."

ती फोन कानाला धरूनच टाकीपाशी गेली. तळाशी राहिलेलं एक पिल्लू तिनं चाळणीत घेतलं आणि पट्टीवर ठेवलं.

चोवीस.

अकीलच्या गाड्या एव्हाना मेहकरच्या पुढे गेल्या होत्या. पहिल्या गावच्या तळ्यावर पिशव्या सोडूनही झाल्या असतील. फोनवर धम्मदीप पुन्हा पट्टी लावत असल्याची खुडबुड ऐकू आली.

मग धम्मदीप हळूच म्हणाला, "मॅडम, पंचवीस."