ज्याचा त्याचा पडदा

‘दर्पण’ कंपनीच्या पुण्याजवळच्या प्रयोगशाळेत शलाका तांडेलने हातातला पेचकस टेबलावर आपटला.

“सर, हर्णैला चाचणीसाठी दिलेल्या प्रत्येक टीव्हीवर वादळाचा लाल इशारा पाठवला होता. एकाही घरात तो दिसला नाही! माझा मामा बोट घेऊन गेला, त्याचा अजून पत्ता नाही.”

संचालक डॉ. निरंजन केतकर चहा ढवळत राहिले. “पडद्यात बिघाड नाही, शलाका.”

“तेच तर म्हणतेय! बिघाड असता तर मी दुरुस्त केला असता.”

जाहिरातीत या टीव्हीचे गुण गाऊन गाऊन कंपनीचा घसा बसला होता. भिंतीवर कॅलेंडरसारखा टांगा, कुठल्याही कोपऱ्यातून बघा, वीज नावापुरती, आणि घरात रिमोटवरून भांडण म्हणून नाही.

“द्रवस्फटिकांमागचे प्रकाशवेधी कण समोरच्याचे डोळे वाचतात,” शलाका म्हणाली. “पुढचा भिंगपट प्रत्येकाला वेगळं चित्र दाखवतो, आवाजही ज्याचा त्याला. इथपर्यंत ठीक. पण कपाळाला आठी पडली की चित्रच नवं रचायचं, हे कुणी ठरवलं?”

“बाजाराने. आठी पडली की माणूस टीव्ही बंद करतो.”

“म्हणून वादळ पुसायचं?”

“पडद्याला वादळ कळत नाही. आठी कळते.” केतकरांनी कप खाली ठेवला. “तुझं म्हणणं समितीला दाखव. विक्री सुरू करायची की नाही, ते ठरवतील.”

ते इतक्या सहज कबूल झाले, तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं. पण ‘दर्पण’मध्ये रीतच होती, कुठलीही गोष्ट मांडायची ती आपल्याच पडद्यावर. कागद आणणाऱ्याला तिथे हसत. संतापाच्या भरात शलाकानेही तेच केलं. उधाणलेला समुद्र, न दिसलेला इशारा, रिकामी जेट्टी, सगळं तिने दाखवलं आणि चित्रंच बोलतील म्हणून स्वतः एक शब्दही बोलली नाही. समितीच्या अध्यक्षा मृणाल कारखानीस यांनी डोळे पुसले तेव्हा तिला वाटलं, जिंकलो.

“अभिनंदन,” अध्यक्षा म्हणाल्या. “इशारा वेळेवर पोचला, सगळ्या बोटी परतल्या. मन भरून आलं. विक्री सुरू करा.”

“आणि वीजबचतीचा तक्ता उत्तम,” शेजारचे सदस्य म्हणाले.

“कुठला तक्ता? मी तक्ता दाखवलाच नाही!” शलाका ओरडली. “बंद करा तो पडदा! मी तोंडाने सांगते, माणसं बुडालीत तिकडे!”

“बाई, आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय,” अध्यक्षा तुटकपणे म्हणाल्या. केतकर खिडकीबाहेर बघत होते.

त्याच रागात ती हर्णैला मामाच्या घरी पोचली. निदान एका घरातला पडदा तरी ती स्वतःच्या हाताने उपटणार होती. मामी टीव्हीसमोर बसली होती, चेहरा उजळलेला. शलाकाने तिच्याकडे न बघता प्लगला हात घातला.

“थांब गो बाय!” मामीने तिचं मनगट धरलं. “ते बघ, उतरले बोटीतून.”

“मामी, ते खोटं आहे. मामा रोज याच्यासमोर बसायचा, तेव्हा याने त्याला पाहून-ऐकून ठेवलंय. तुला हवं तेच तो रचतो. मीच बनवलाय हा मेला पडदा!”

हे सांगताना तिने नको तेच केलं. तिने पडद्याकडे पाहिलं.

जेट्टीवर मामा उभा होता. ओला, दमलेला, डोक्याला फडकं बांधलेला. त्याने वर पाहिलं आणि लहानपणी मारायचा तशीच हाक मारली, “शलू!”

तिला स्वतःच्या डोळ्यांचा भयंकर संताप आला. प्लग अजून तिच्या मुठीत होता.

तिने तो ओढला नाही.