इंजिनाच्या पेटीतला वरवंटा

शनिवारी सकाळी नऊ वाजता लवू परबांनी लाकडी पेटीचं झाकण उघडलं, आत हात घातला, कापडाची घडी सोडली, आणि हाताला लागला तो दगड.

पेटीत त्यांचं वाफेचं इंजिन असायचं. हातभर लांब, पाच-सहा किलो वजनाचं, तांब्याच्या बॉयलरचं. खाली स्पिरिटचा दिवा, आत खरं पाणी, वर खरी वाफ. परळच्या रेल्वे कारखान्यात छत्तीस वर्षं बॉयलर फिटर म्हणून काढल्यावर परबांनी चाळीच्या गॅलरीत बसून अकरा वर्षांत ते एकट्याने घडवलं होतं. आता पेटीत त्या जागी एक वरवंटा झोपला होता.

दहाला परबांचा फोन गिरगावात मालन तांबेच्या ऑफिसात वाजला आणि अकराच्या आत ती लालबागला पोचली. मालन चोपन्न वर्षांची. वीस वर्षं विम्याचे खोटे दावे खोदण्यात घालवल्यावर तिने स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी काढली. एजन्सी म्हणजे ती आणि सीताराम गोवेकर. सीताराम बेस्टचा निवृत्त कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या डोक्यातली बस प्रत्येक स्टॉपला थांबते. शिवाय रेल्वेचं कौतुक त्याला कधी मानवलंच नाही.

“खेळण्यातलं इंजिन ना?” जिना चढताना त्याने विचारलं.

“वर गेल्यावर हा शब्द तोंडातून काढू नका, सीतारामभाऊ.”

दुसऱ्या मजल्यावर चाळीच्या मंडळाची खोली होती. गणपतीचे दिवस सोडले तर ती परबांच्या रेल्वेवाल्यांची. पाच टेबलं जोडून रूळ मांडलेले. बाहेरच्या मोठ्या रुळावर परबांचं इंजिन धावे, आतल्या बारक्या रुळावर अवधूत प्रधानच्या विजेच्या गाड्या. कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचा भलामोठा घाट, त्यातून बोगदा, खाली कौलारू स्टेशन. सीताराम बघत राहिला आणि घाटाला टेकला. बाही हिरवी झाली.

“रंग ओलो हा,” परब म्हणाले. “आमच्या मंडळातल्या आकांक्षानं काल घाट पुन्हा रंगवला, उद्यासाठी.”

उद्या काय, ते त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती वर्षातून एकदा जमतात. पूर्वी दोनशे जमत, आता सहा उरलेत. सगळ्यांत थोरले शिवा घाडी एक्क्याण्णव वर्षांचे. उद्या रविवारी अकरा वाजता त्या सहा जणांना पुन्हा एकदा वाफ दाखवीन, असा शब्द परबांनी दिला होता. पुढच्या वर्षी करू म्हणण्याचं हे वय नव्हे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मालन ऐकत होती आणि त्यांच्या हाताकडे बघत होती. कपाच्या आत बोटाचं टोक धरून ते चहा ओतत होते. चहा बोटाला लागला की थांबत. तिने आपलं कार्ड पुढे केलं, तेव्हा त्यांनी ते न बघताच खिशात टाकलं.

“कुलूप?”

खोलीला कुलूप होतं, पण किल्ली दिवसभर परबांच्या दाराशी खिळ्याला टांगलेली. रात्री तेवढी ती घरात यायची. पेटीला कुलूप नाहीच. काल, शुक्रवारी, संध्याकाळी पाचपासून आठपर्यंत सगळे खोलीत येऊनजाऊन होते: परब, त्यांचा मुलगा राजेश, अवधूत आणि आकांक्षा पवार. आठला परबांनी पेटी उचलून कपाटाखाली सरकवली. वजन ठीक लागलं, म्हणून उघडून पाहिली नाही.

वरवंटा गॅलरीतलाच. मिक्सर आल्यापासून दर मजल्यावर असे दोन-तीन अनाथ पडलेले असतात. मालनला वरवंट्यापेक्षा कापडात रस होता. परबांनी सोडलेलं ते कापड मोडलेल्या घडीच्या खुणांसकट पेटीत पडलं होतं.

“सोडताना कसं होतं, आठवतं?”

“चांगलं आठवतं. चारी टोकं एकावर एक, आणि शेवटचं टोक कानासारखं बाहेर. ते ओढलं नि सगळं आपोआप सुटलं. मी आपला नुसता गुंडाळून ठेवतंय.”

सीतारामला मालनने खाली पिटाळलं. जिन्याच्या तोंडाशी रोज संध्याकाळी पाचपासून दहापर्यंत कॅरम चालतो, आणि चाळीला जिना एकच. तिथली मंडळी कुणाच्या पिशवीत काय आहे हे पिशवीच्या मालकाआधी सांगतात. सीताराम अर्ध्या तासाने आला तो तोंड पाडून. काल अवधूत गेला तो लॅपटॉपची चपटी बॅग घेऊन, आकांक्षा गेली ती ब्रशांची पुरचुंडी घेऊन, आणि राजेश खाली उतरलाच नाही.

“म्हणजे काहीच हाती लागलं नाही,” तो म्हणाला.

“उलट बरंच लागलं,” मालन म्हणाली आणि राजेशला भेटायला गेली.

राजेश परब पन्नाशीचा, एका कुरिअर कंपनीत सुपरवायझर. त्याने काही लपवलं नाही. इंजिन गेलं हे बरंच झालं, तुम्ही शोधूच नका, असं तो सरळ म्हणाला. दिवाळीत बाबांचा हात स्पिरिटने भाजला होता. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, चाळ लाकडी. आता आणखी एक जरी गोष्ट घडली, तरी खोलीला टाळं ठोकून बाबांना बदलापूरच्या फ्लॅटवर नेऊन बसवायचं, हे त्याने खोलीतल्या सगळ्यांसमोर चारदा बजावलं होतं. तिथे त्यांनी करायचं काय, असं मालनने विचारलं. “जिवंत राहायचं,” राजेश म्हणाला.

सीतारामच्या मते खटला इथेच संपला होता. इंजिन नको असलेला माणूस एकच, तो काल खाली उतरलाच नाही, आणि त्याचं घर त्याच मजल्यावर.

“मग वरवंटा कशाला ठेवेल?” मालनने विचारलं. “स्वतःच्या घरातल्या वस्तूसाठी एवढी उठाठेव कोण करतं? शिवाय तो ती घडी कुठून शिकला?”

अवधूत खोलीतच भेटला, तारांच्या जंजाळात. पस्तिशीचा, कॉम्प्युटरवाला, बोलण्यात तरबेज. वाफेशी त्याचं भांडण जगजाहीर होतं. परबांचं इंजिन दर पाच मिनिटांनी माथ्यावरून फुस्स करून वाफ सोडायचं आणि त्याच्या कंट्रोलरवर पाणी उडायचं, यावरून महिन्याला एक खडाजंगी ठरलेली. पण गुरुवारच्या चाचणीवर तो खूश होता.

“गुरुवारी काय पळालं माहितीये? वेड लागल्यासारखं. आणि वीस मिनिटांत एकदाही फुस्स नाही. मी काकांना म्हटलं, शेवटी जमवलंत बुवा. ते म्हणाले, वाफ फुकट जात होती, बुधवारी नट आवळला.”

“आणि आकांक्षा काय म्हणाली?”

“ती काकांना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजली. काका भडकले. छत्तीस वर्षं बॉयलर केलेत, आता तू मला शिकवणार, असं काहीतरी. ती बिचारी ब्रश घेऊन बसली परत.”

आकांक्षाला भेटायला दोघं शीवला गेले. तिथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या मोठ्या ड्रममध्ये निर्जंतुक करायचं खातं ती सांभाळायची. वय तिशीच्या आत. आजोबा वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढणारे फायरमन, म्हणून परबांचा तिच्यावर विशेष जीव. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर बाकावर आली, मांडीवर भाकरीचं फडकं ठेवलं, एक टोक ओढलं. फडकं चारी बाजूंनी उमललं. तिने सीतारामला आग्रहाने अर्धी भाकरी दिली, आणि सीताराम तिच्यावर फिदा झाला.

शुक्रवारी फक्त घाट रंगवला, एवढंच ती म्हणाली. इंजिनातलं मला काही कळत नाही, मी आपली रंगवाली. हे सांगताना ती भाकरीकडे बघत होती.

बसमध्ये सीतारामने निकाल दिला, “ही पोरगी नव्हे. अवधूतच. उद्या वाफ नसेल तर खेळ त्याच्या गाड्यांचा.”

मालनने सगळ्यांना संध्याकाळी सहाला खोलीत बोलवायला सांगितलं.

सहाला सगळे जमले. परब खुर्चीत, राजेश दाराशी, अवधूत तारांपाशी, आकांक्षा खिडकीत. मालन टेबलाला टेकून उभी राहिली, पण घाटापासून लांब.

“इंजिन चोरीला गेलेलं नाही,” ती म्हणाली. “काल ते या जिन्याने उतरलंच नाही. हातभर लांब वस्तू चपट्या बॅगेत मावत नाही आणि ब्रशांच्या पुरचुंडीतही नाही. रात्रीपासून आज सकाळी नऊपर्यंत किल्ली घरात होती. म्हणजे ते या मजल्यावरच आहे. राजेशभाऊंच्या घरात असतं तर त्यांना वरवंट्याचं नाटक करायची गरज नव्हती. वरवंटा ठेवणाऱ्याला एकच हवं होतं. उद्या अकरापर्यंत कुणी पेटी उघडू नये, आणि उघडेल तेव्हा शोधायला वेळ उरू नये.”

“म्हणजे उद्याचा खेळ मोडायचा होता,” सीताराम अवधूतकडे बघत म्हणाला.

“खेळ नाही, वाफ थांबवायची होती. अवधूत, तुमच्या घरी कुकरची शिटी बंद पडली आणि खाली गॅस चालू राहिला तर?”

“कुकर फुटेल,” अवधूत म्हणाला. मालन पुढे बोलत गेली. दर पाच मिनिटांनी फुस्स करायचं तो इंजिनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफ जास्त झाली की तो उघडतो, म्हणून बॉयलर फुटत नाही. बुधवारी नट आवळला आणि गुरुवारी व्हॉल्व्ह वीस मिनिटं उघडला नाही. इंजिन वेड्यासारखं पळालं, कारण आतला दाब भलताच वाढला होता. उद्या त्याच्याभोवती खुर्च्या मांडून सहा म्हातारे बसणार होते.

“पण बाबांनी काटा बघितला असेल ना?” राजेश म्हणाला. “दाबाचा काटा असतो त्याला.”

मालन परबांकडे वळली. तिचा आवाज खाली आला. “काका, तुम्ही चहा बोटाने मोजता. माझं कार्ड तुम्ही वाचलं नाहीत. वाफ कमी दाबालाच फुकट जातेय असं तुम्हाला वाटलं, कारण काटा तुम्हाला दिसतच नाही. माफ करा. हे मला एकांतात सांगायला हवं होतं, पण यात एका मुलीवर चोरीचा आळ येतोय.”

परबांनी खिशातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

“काटा कुणी वाचला?” मालन म्हणाली. “रोज असलेच काटे वाचणाऱ्या माणसाने. इंजिनातलं काही कळत नाही म्हणणाऱ्या आकांक्षाची नोकरीच वाफेच्या ड्रमवर आहे. ऑपरेशनची हत्यारं तिथे कशी बांधतात, सीतारामभाऊ? चारी टोकं एकावर एक, आणि शेवटचं टोक बाहेर, म्हणजे आतल्याला हात न लावता उघडता येतं. आज भाकरी तशीच बांधलेली होती. काल वरवंटाही. घाईत हातांनी सवयीचं तेच केलं.”

“मी तिची भाकरी खाल्ली,” सीताराम पुटपुटला.

मालनने घाटाची कड दोन्ही हातांनी उचलली. खालचा सांधा रंगाने नुकताच बुजवला होता, तो सुटला. पोकळ डोंगराच्या पोटात, बोगद्याच्या आडोशाला, इंजिन उभं होतं. चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर लावून.

आकांक्षाला रडू फुटलं. “लवूकाका, मी गुरुवारी सांगायला आले होते. तुम्ही ऐकून घेईनात. सगळ्यांसमोर बोलले असते तर राजेशदादांनी त्याच दिवशी खोलीला टाळं लावलं असतं. काल नुसता नट सैल केला असता तर उद्या फुस्स ऐकून तुम्ही तो पुन्हा आवळला असता; म्हणून सोमवारी सैल करून परत ठेवणार होते.”

राजेशने काही बोलायला तोंड उघडलं. परबांनी हात वर केला. ते उठले, टेबलाच्या कडेकडेने चाचपडत गेले आणि बॉयलरवर तळवा ठेवला.

“कारखान्यात एक रीत होती,” ते म्हणाले. “बॉयलर ज्यानं बांधला, त्यानं तो पास करायचा नाही. कितीही मोठा मिस्त्री असो. दुसऱ्या माणसानं काटा वाचायचा, दुसऱ्यानं शिक्का मारायचा. अकरा वर्षांत मी दुसरा माणूसच बोलावला नाही.” मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. “आकांक्षा, पान्हा घे गो बाय.”

त्या संध्याकाळी नट सैल झाला. बॉयलर आधी गार पाणी हातपंपाने आत दाबून तपासला, मग खाली अंगणात नेऊन बेताबेताने वाफ केली. काटा आकांक्षा मोठ्याने वाचत होती. काटा ठरलेल्या चाळिसावर येताच व्हॉल्व्ह उघडला आणि अवधूतने टाळ्या वाजवल्या. राजेश वाळूची बादली घेऊन तासभर शेजारी उभा होता. खोलीला टाळं ठोकायची भाषा त्याने केली नाही, आणि मालननेही विचारलं नाही.

रविवारी अकराला सहा जण आले. शिवा घाडींना खुर्चीत बसवून वर आणलं. दिवा पेटला, पाणी कुजबुजायला लागलं. आकांक्षा काट्याजवळ वाकून आकडे सांगत होती. घाडींनी मान वळवली आणि दरडावून विचारलं, “हो पोरीचो आवाज कोणाचो? बॉयलर पास कोणी केल्यान?”

परबांचा हात वाफेच्या दांड्यावर होता, तो तिथेच थांबला.

“हिनं,” परब म्हणाले. “हिचो आजो आपलो फायरमन. शिवादादा, माका आता दिसणा नाय.”

हे वाक्य त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. दाराशी उभ्या राजेशने भिंतीला हात लावला.

घाडींनी कान इंजिनाकडे केला.

“माका तरी खय दिसता?” ते म्हणाले. “सहा वर्सां झाली. मी ऐकूक इलंय. सोड वाफ.”