मागे कुणाला बसवू नका

"मागे कुणाला बसवू नका हं," मेकॅनिकने दुसऱ्यांदा बजावलं, तेव्हा हेल्मेटचा पट्टा लावता लावता ती हसली.

"बसायला कुणी मिळू तर द्या!"

तो कानापर्यंत लाल झाला आणि पुसलेलाच पाना पुन्हा पुसत बसला.

ओळख तशी कालपरवाचीच. चढावरच्या सिग्नलला तिची नवी क्रूझर बाईक कलंडू लागली होती. घरात तिला सगळे 'वीतभर' म्हणत. त्या गाडीवर बसलं की नुसते चवडे टेकायचे. गाडी आडवी होणार, तेवढ्यात शेजारून एक तेलकट हात आला आणि हँडल धरून राहिला.

"गाडी खाली आणू," हाताचा मालक म्हणाला, "म्हणजे तुम्ही खाली येणार नाही."

गॅरेजात त्याने मागचे शॉकअप काढून आखूड बसवले. तिच्या टाचा जमिनीला लागल्या. पण मागे वजन पडलं की चाक मडगार्डला घासणार, म्हणून ती ताकीद.

पुढे तिच्या गाडीला रोज नवा आवाज येऊ लागला.

"कुठून येतो?"

"मागून... बहुतेक."

तो वाकून कान लावायचा. "आज तर गप्प आहे."

"तुमच्यासमोर लाजते ती."

एका ढगाळ संध्याकाळी त्याच्या बहिणीचा फोन आला — बाबा चक्कर येऊन पडलेत, उठत नाहीत. गॅरेजातली प्रत्येक गाडी उघडून ठेवलेली. तिने आपल्या गाडीची किल्ली फिरवली.

"बसा."

"अहो, मीच तर सांगितलंय —"

"हळू नेते. बसा म्हणते ना!"

तो अंग चोरून बसला. भुरभुर सुरू झाली. उतारावर पाण्याखालचा खड्डा दिसलाच नाही... मागून खर्रकन आवाज, जळक्या रबराचा वास, आणि गाडीचं शेपूट सरकलं. पाठीमागे ट्रक, हॉर्नवर हॉर्न. ती ओरडली.

"धर! घट्ट धर मला!"

गाडी फरफटत थांबली. तिने दोन्ही टाचा रोवल्या. ट्रक कोपराला वारा घालून गेला.

गाडी तिथेच सोडून दोघं धावत घरी पोचली. बाबा पलंगावर बसून बहिणीलाच रागावत होते. सकाळची गोळी चुकली होती, एवढंच. मग जिन्यात येऊन ती मटकन बसली. त्याने तिचे हात आपल्या हातात घेतले.

"मघाशी 'धर' म्हणालीस. 'धरा' नाही."

"जीव वाचला ते बघा!"

"बघा?"

"...बघ."

"सोडू हात?"

तिने बोटं आणखी घट्ट केली. "नको."

दुसऱ्या दिवशी तो जुने शॉकअप परत चढवायला बसला.

"अरे, मग माझे पाय?"

"तू थांबशील तिथे माझे टेकतील."

आता तिच्या मांडीवर त्यांची लेक पेंगतेय. तो तीच गाडी घेऊन बाळाचं औषध आणायला गेलाय, 'आलोच' म्हणून. बाहेर भुरभुर. शंभर गाड्यांत ती त्या गाडीचा आवाज ओळखते... अजून आलेला नाही. तिने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

तुमच्याही घरून कुणी 'आलोच' म्हणून निघालंय ना? हसू नका. आधी फोन लावा, आणि विचारा — पोचलास का?